तांब्याचा भाव, धुराची किंमत

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



पिंपरी-चिंचवडमध्ये तांब्याची खाण नाही. तरीही तांब्याचा कचरा आपला प्रश्न आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत रोज तांब्याची तार वापरली जाते आणि जुनी तार आपल्याच वस्तीतल्या भंगारात येते.

आधी खाणीचं बघू. गोंदियाच्या शेजारी, बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची खाण आहे. तिथल्या शंभर किलो खडकात तांबं जेमतेम किलोभर. बाकीचा खडक दळून त्याचा गाळ तळ्यात साठवतात. त्यातल्या गंधकाला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि विषारी धातू पाण्यात उतरतात. विहीर नासली की लांबून पाणी कुणी आणायचं, हे तुम्हाला सांगायला नको.

तांबं गाळण्याचा स्टरलाइटचा कारखाना रत्नागिरीकरांनी १९९३ साली रोखला. तो तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथे २२ मे २०१८ रोजी आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. १३ माणसं गेली, त्यांत बायकाही होत्या. आपल्या दारातून हाकललेलं संकट दुसरीच्या दारात जातं, ते संपत नाही.

म्हणून जुनं तांबं पुन्हा वापरणं शहाणपणाचं. पण तारेवरचं प्लास्टिक जाळलं तर आम्लाची वाफ आणि डायऑक्सिन हे विष बाहेर पडतं. डायऑक्सिन चरबीत साठतं आणि आईच्या दुधातून बाळापर्यंत पोचतं. जाळलेली तार काळपट होते, तिला भावही कमी. सोललेल्या लख्ख तारेला जास्त. मग बाया जाळतात का? बारीक तार हातानं सोलायला दिवस जातो, आणि यंत्राला पैसा नाही, बसायला जागा नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं चिखली-कुदळवाडीतली भंगाराची हजारो शेड पाडली. शेड पडली म्हणून तार यायची थांबत नाही.

एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत, सुटं करणाऱ्या कामगारांची नोंदणी, त्यांचे गट, प्रशिक्षण आणि सुरक्षितता ही कामं राज्याच्या कामगार खात्यावर सोपवली आहेत. ती आपण मागून घ्यायची. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीनं कचरावेचक बायांना महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळवून दिली. ती कुणी घरी आणून दिली नव्हती, बाया संघटित झाल्या म्हणून मिळाली.

तेव्हा आपल्या मागण्या तीन: तार सुटी करणाऱ्या प्रत्येक बाईची नोंद, गटाला तार सोलायचं यंत्र, आणि वस्तीजवळ हवेशीर शेड. "जाळू नका" हे त्या बाईला सांगण्याआधी या तीन गोष्टी तिच्या हातात पडल्या पाहिजेत.