लघवीची नळी आणि ऑपरेशननंतरचा ताप

पोलादपूरकडच्या वाड्यांमध्ये अनेकांचं निम्मं घर मुंबईत असतं. त्यामुळे वडिलांचं प्रोस्टेटचं किंवा आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन पुष्कळदा तिकडेच होतं. पेशंट गावी येतो आणि चार दिवसांत थंडी वाजून ताप भरतो. घरचे म्हणतात, प्रवासाची दगदग झाली. खरं कारण अनेकदा मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग असतं आणि जंतू शिरलेले असतात लघवीसाठी घातलेल्या नळीवाटे.

कमरेखालच्या भुलीनंतर मूत्राशय काही तास सुस्त पडतं, लघवी तुंबू शकते. म्हणून अनेकदा नळी लागते. प्रश्न ती किती दिवस ठेवायची याचा आहे. नळी असेपर्यंत दर दिवशी साधारण 3 ते 7 टक्के पेशंटच्या लघवीत नव्याने जंतू दिसू लागतात. महिनाभर राहिली तर जवळजवळ सगळ्यांच्याच. हे जंतू बहुधा पेशंटच्याच आतड्यातले, त्यांत ई. कोलाय मुख्य. नळीवर ते बुळबुळीत थर धरतात आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. म्हणूनच ‘नळी आज काढता येईल का?’ हे नातेवाइकांनी रोज विचारायला हवं. मात्र घरी ओढून काढायची नाही. आत तिच्या टोकाला पाण्याने फुगवलेला फुगा असतो.

नळीसह गावी यायचं असेल तर एसटीत नळीला जोडलेल्या लघवीच्या पिशवीकडे लक्ष हवं. ती मांडीवर घेतली किंवा वरच्या फळीवर ठेवली, की साचलेली लघवी मूत्राशयाकडे उलटी फिरते. पिशवी कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. निघण्याआधी ती रिकामी करावी, हात साबणाने धुऊन.

पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या पोलादपूर तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. अशा दिवसांत घरातली बाई स्वतःच्या पिण्याचं पाणी आधी तोडते. ऑपरेशन झालेल्या बाईला हे फार महागात पडतं; लघवी कमी झाली की जंतू धुऊन जात नाहीत. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल, तर तिचा तांब्या भरलेलाच हवा.

नळी निघायला मदत करणाऱ्या औषधांचं एक नातं शेजारच्या महाडशी आहे. महाडचं नाव वैद्यकात गाजलं ते विंचूदंशावरच्या उपचारांमुळे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून इथल्या कित्येकांचे प्राण वाचवले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच औषधाच्या कुळातली टॅमसुलोसिनसारखी औषधं प्रोस्टेटमुळे लघवी अडलेल्या म्हाताऱ्यांना देतात. मूत्राशयाचं तोंड सैल पडतं आणि नळी काढल्यावर लघवी आपली आपण होण्याची शक्यता वाढते.

काही त्रास नसताना लघवीत नुसते जंतू दिसले म्हणून सहसा अँटिबायोटिक लागत नाही. गर्भवतींची गोष्ट वेगळी. पण हुडहुडी, कुशीत दुखणं, नळी काढल्यावर लघवीला आग, किंवा म्हातारं माणूस एकाएकी बरळू लागणं, यांपैकी काही दिसलं तर उरलेल्या गोळ्या शोधत बसू नये. पेशंटला ऑपरेशनच्या कागदांसह त्याच दिवशी पोलादपूर किंवा महाडच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावं. औषधाचा पहिला डोस देण्याआधी लघवीचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू कोणता हे पाहणाऱ्या तपासणीला गेला, तर नेमकं औषध ठरवता येतं.