त्वचा, केस आणि नखे : गोष्टीतून शरीराची ओळख

नखे कापण्यास बसलेले मूल हात मागे घेते आणि विचारते, "दुखेल का?" बहुधा त्याला धाक घालून नखे कापली जातात आणि प्रश्न अनुत्तरित राहतो. अशा वेळी धाकापेक्षा गोष्ट अधिक उपयोगी पडते. गोष्ट कल्पित असावी, परंतु तिच्यातील शरीराची माहिती मात्र खरी असावी.

एका घरात तीन भावंडे राहतात : त्वचाताई, केसदादा आणि नखूबाई. तिघांचे बळ एकच, केराटिन नावाचे प्रथिन. त्वचाताई घराची राखण करते, रोगजंतूंना दारातच अडवते. तिचा बाहेरचा पदर सुमारे ४ आठवड्यांत नवा होतो. केसदादा महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. हाताची नखूबाई सुमारे ३ मिलिमीटर, पायाची त्याहून संथ. एकदा नखूबाईच्या ओसरीवर माती आली आणि तिच्याबरोबर जंतांची अंडीही न बोलावता मुक्कामाला आली. जेवणाच्या घासाबरोबर पोटात शिरण्याचा त्यांचा बेत होता. साबण आणि नेलकटर धावून आले व तो बेत फसला. नखूबाईला मात्र काहीच दुखले नाही. कारण बाहेर वाढलेले नख निर्जीव असते, जिवंतपणा त्याच्या मुळाशी असतो.

ही गोष्ट ऐकलेले मूल साधू-साध्वींचा केशलोच पाहते, तेव्हा त्याचा प्रश्न अधिक खोल होतो : कात्रीने केस कापताना दुखत नाही, मग उपटताना का दुखते? केसाचे मूळ त्वचेत जिवंत असते व त्याभोवती संवेदना नेणारे मज्जातंतू असतात, हे उत्तर मिळाले की त्या तपाची कठोरता मुलास खऱ्या अर्थाने उमगते.

गोष्टीचा सर्वांत महत्त्वाचा भाग रंगाचा आहे. त्वचाताईजवळ मेलॅनिनची छत्री असते. ती उन्हातील अतिनील किरणांपासून शरीराचे रक्षण करते. रंग निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या सर्व माणसांत जवळपास सारखीच असते. त्या किती व कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात, यात फरक असतो. म्हणजे कोणाच्या छत्रीचे कापड दाट, कोणाचे विरळ, एवढाच भेद. वर्गात रंगावरून चिडवली गेलेली मुलगी ही गोष्ट ऐकते, तेव्हा तिची मान वर होते.

परंतु घरी परतल्यावर "सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे" हे वाक्य तिच्या कानी पडले, तर ती गोष्ट व्यर्थ ठरते. अहिंसा केवळ हाताची नसते, वाणीचीही असते. आणि शब्दाने झालेली जखम त्वचेप्रमाणे ४ आठवड्यांत भरून येत नाही. यास्तव मुलांना गोष्ट सांगताना वडीलधाऱ्यांनी ती स्वतःही ऐकावी, हीच नम्र विनंती.