बुद्धिबळाचा दुभाष्या

मुंबईस १८१४ सालीं बुद्धिबळावरील एक ग्रंथ इंग्रजींत छापला गेला. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनीं तो संस्कृतांतून उतरविला होता. परंतु तेथें केवळ भाषा पालटली नाहीं. डाव युरोपीय रीतीसही जुळवून घेतलेले होते. एतद्देशीय खेळांत प्यादें प्रारंभीं एकच घर सरके, युरोपीय खेळांत त्यास दोन घरांची मुभा. शब्दांबरोबर रीतही उतरवावी लागते, हें त्या ग्रंथाचें मर्म.

तोच प्रश्न आज संगणकांत उभा आहे. तेथें बुद्धिबळाचे दोन भाग असतात. एक पट : तो मोहरीं दाखवितो व घड्याळ सांभाळतो. दुसरें इंजिन : तें पडद्याआड बसून चाल शोधतें. दोघांचा संवाद साध्या लेखी ओळींनीं चालतो; पण त्याच्या भाषा दोन. एक 'एक्सबोर्ड' ह्या पटाबरोबर वाढली. दुसरी, 'यूसीआय', रुडॉल्फ हूबर व श्टेफान मायर-काह्लेन यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केली.

हा भेद शब्दांपेक्षां स्वभावाचा आहे. एक्सबोर्डच्या भाषेंत इंजिनास केवळ नवी चाल कळविली जाते. मागचा डाव त्यानें स्मरावा. यूसीआयमध्यें पट सामान्यतः प्रत्येक वेळीं आरंभापासूनच्या सर्व चाली वाचून दाखवितो, मग 'गो' म्हणतो, आणि इंजिन 'बेस्टमूव्ह' म्हणून उत्तर देतें. म्हणून शब्दास शब्द ठेवून भागत नाहीं. फाब्यँ लतूझे यांनीं रचिलेला 'पॉलीग्लॉट' हा दुभाष्या डाव स्वतःच लक्षांत ठेवितो, पूर्ण यादी इंजिनापुढें मांडतो आणि उत्तर पटास कळवितो.

येथें एका अक्षराची चूकही डाव बुडविते. शेवटच्या घरीं पोंचलेल्या प्याद्याचा वजीर झाला कीं घोडा, हें चालीच्या अखेरीस एका अक्षरानेंच सांगितलें जातें. तें अक्षर वाटेंत गळालें, तर उत्तम चालही नियमबाह्य ठरते.

परभणी जिल्ह्यांतील झरीसारख्या गांवीं मुलास बुद्धिबळाचा शिक्षक लाभेलच असें नाहीं. 'स्टॉकफिश' हें अग्रगण्य इंजिन मात्र विनामूल्य मिळतें. त्यास स्वतःचा पट नाहीं, आणि तें यूसीआयच जाणतें. संगणकावरील जुना पट केवळ एक्सबोर्डची भाषा बोलत असेल, तर दुभाष्यावांचून हा थोर गुरु दाराशीं येऊनही मुकाच राहील.

अशा वेळीं इंजिनास दोष देण्याची घाई करूं नये. तें एकटेंच उघडून त्यास 'यूसीआय' एवढेंच लिहावें. त्यानें आपलें नांव सांगून शेवटीं 'यूसीआयओके' म्हटलें, तर तें धडधाकट आहे. दोष वाटेंत शोधावा. दुभाष्याच्या सूचनापत्रांत इंजिनाचें ठिकाण व नांव अचूक लिहिलें आहे ना, हें प्रथम पाहावें. पुष्कळदा अडलेला डाव तेवढ्यानेंच पुढें सरकतो, आणि शिकूं इच्छिणाऱ्या मुलासमोर तुल्यबळच काय, सवाई प्रतिस्पर्धी येऊन बसतो.