पाटीवरचं ठळक अक्षर
(नगरच्या युवक शिबिरातील भाषण)



माझं शिक्षण दहावी. पोट गोदीत भरतं, कविता रात्री लिहितो. पण आज कवितेवर बोलणार नाही. अक्षराच्या जाडीवर बोलणार आहे. कारण आपल्याला वस्त्यांच्या नव्या पाट्या लिहायच्या आहेत.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं, वस्त्यांची जातवाचक नावं काढायची. महारवाडा, मांगवाडा पुसायचं. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर लिहायचं. 2024 साली जिल्ह्याचंच नाव बदललं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जिल्ह्याची पाटी सरकार लिहील. वस्तीची पाटी आपण लिहू. आणि आपण काय करतो? फ्लेक्सवाल्याकडे जातो. अक्षराला सावली, सोनेरी कडा, वळणदार शेपट्या! मनमाड रस्त्यानं धावणाऱ्या एस्टीतल्या माणसाला पुढाऱ्याचा गॉगल दिसतो, वस्तीचं नाव दिसत नाही. शतकं ज्या नावानं हिणवलं ते पुसलं, आणि नवं नाव कुणाला वाचताच आलं नाही, तर जुनंच तोंडी राहणार.

गोदीत हे चालत नाही. कंटेनरच्या अंगावर चार रोमन अक्षरं, सात आकडे. आंतरराष्ट्रीय नियमानं उंची किमान 100 मिलिमीटर. सरळ, साधी अक्षरं. खूण चुकली तर माल भलतीकडे जाईल. म्हणून तिथं कुणी नक्षी काढत बसत नाही.

ह्या अक्षराचं घराणं सांगतो. 1927 साली जर्मनीत पॉल रेनरचा फ्युचुरा टाईप आला. पट्टी आणि कंपासनं काढल्यासारखा. ओ म्हणजे वर्तुळ. टोकांना शेपट्या नाहीत, म्हणून सॅन्स सेरिफ. रेनरनं 1932 साली नाझींच्या संस्कृतीच्या ढोंगावर पुस्तिका लिहिली. 1933 मध्ये त्याला अटक झाली, नोकरी गेली. पण तोच टाईप पुढं भांडवलदारांच्या जाहिरातींत सुखानं नांदला, आणि 1969 साली अमेरिकेनं चंद्रावर ठेवलेल्या पाटीवरही गेला. अक्षराला स्वतःची बाजू नसते. बाजू लिहिणाऱ्याला असते.

आता देवनागरी. हिची जाड-बारीक रेघ आली तिरप्या कापलेल्या बोरूतून. तो बोरू कुणाच्या हातात होता, हे तुम्हाला सांगायला नको. रेघ सगळीकडं एकाच जाडीची केली की बोरूचं वळण गळतं. पण हे वाटतं तितकं सोपं नाही. अक्षर ठळक केलं की पोटातली पोकळी बुजते. 'क्ष', 'द्ध', 'ह्य' यांचा नुसता डाग होतो. म्हणून रेघा जिथं भेटतात तिथं त्या किंचित बारीक कराव्या लागतात. आडवी रेघ उभीइतकीच जाड ठेवली तर डोळ्याला जास्त जाड दिसते. तीही कमी करतात. गोल आकार चौकोनाच्या मापाचाच ठेवला तर लहान वाटतो. तो थोडा वाढवतात. सगळ्यांना एकच पट्टी लावली की समता झाली, असं म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

असा एक टाईप आपल्याकडं आहे: पॉपिन्स. 2014 सालचा, इंडियन टाईप फाउंड्रीचा. देवनागरी निनाद काळे यांनी केली, रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी. अगदी सडपातळपासून काळ्याकुट्टपर्यंत नऊ जाड्या, प्रत्येकीत जोडाक्षरांसह 1014 आकार. रोमनची मोठी अक्षरं देवनागरीपेक्षा बुटकी ठेवलीत. इंग्रजीशेजारी मराठीनं अंग चोरायचं कारण नाही. आणि दाम? शून्य. खुला परवाना. वापरा, बदला, वाटा. नुसता टाईप तेवढा विकायचा नाही. मुंबईच्या एक टाईपचा मुक्ताही असाच फुकट. त्याचा हात थोडा मऊ आहे.

दुसरा फायदा युनिकोडचा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर गेला की 'भीमनगर'चा कचरा होतो. उद्या कुणी आपले अंक, आपली पत्रकं शोधायला निघालं तर त्याला काय सापडणार? युनिकोडात लिहिलेलं शोधता येतं. आपला इतिहास एकदा लिहूच दिला नव्हता. लिहिलेला आता हरवू द्यायचा नाही.

कामाचं बोलतो. ठळक अक्षर पाटीला, पोस्टरला, मथळ्याला. कवितेची पानंच्या पानं त्यात छापू नका, डोळे दमतात. ओढून लांबवू नका, दाबून बसवू नका. वर मात्रा आणि रफार, खाली उकार. त्यांना जागा सोडा. पांढऱ्यावर गडद निळा पुरे. चार रंग नकोत, आणि फोटो तर नकोच.

पाटी टांगण्याआधी एक परीक्षा घ्या. वस्तीतली जी आजी म्हातारपणी प्रौढ वर्गात अक्षरं शिकली, तिला रस्त्यापलीकडं उभी करा. ती एकेक अक्षर लावत वाचेल. ह्याच नगरात सावित्रीबाई फरारबाईंच्या शाळेत शिकवायला शिकल्या. त्या शिक्षणाचा धागा ह्या आजीपर्यंत यायला पावणेदोनशे वर्षं लागली. तिला नाव वाचता आलं तर पाटी पास. नाही आलं तर पाटी उतरवा, पुन्हा लिहा.

ब्रश मी आणलेत. दुपारनंतर भिंतीवर भेटू. जयभीम.