घोड्याचा दर्जा

महालक्ष्मीच्या मैदानावर शर्यतीचें पुस्तक हातांत घेऊन उभा असलेला मनुष्य बहुधा एकच गोष्ट पाहतो: मागच्या खेपेस घोडा कितवा आला. पहिला आला असेल तर मन तिकडे ओढ घेतें. सहावा आला असेल तर त्याचें नांवहि तो पुरतें वाचीत नाहीं. परंतु कोणाला मागें टाकून पहिला, आणि कोणाच्या मागें सहावा, हें विचारल्यावांचून त्या आंकड्यास अर्थ नाहीं. खेड्याच्या शाळेंतील पहिला नंबर आणि जिल्ह्याच्या परीक्षेंतील सहावा नंबर यांत थोर कोणता, हें शाळेंत जाणारें पोरहि सांगेल. मैदानावर मात्र शहाणीसुरतीं माणसें तें विसरतात.

मुंबई-पुण्याकडे हॅन्डिकॅपर नांवाचा अधिकारी प्रत्येक घोड्यास गुण देतो. २० ते ४६ गुणांचा चौथा वर्ग, ४० ते ६६ चा तिसरा, ६० ते ८६ चा दुसरा, आणि त्यावर पहिला. अर्ध्या किलोस एक गुण, या हिशेबानें वजनें ठरतात. वर्गांच्या कडा एकमेकींवर चढलेल्या आहेत, आणि सारी गंमत तेथेंच आहे. समजा, ४४ गुणांचा घोडा चौथ्या वर्गांत जवळजवळ सर्वांत जड वजन घेऊन जिंकला. त्याचे गुण ५० झाले व तो तिसऱ्या वर्गांत चढला. आतां ६६ गुणांच्या घोड्यापेक्षां त्याच्या पाठीवर आठ किलो कमी! पाहणारा हरखतो. पण वजन उतरलें तें सोबती बलवान् म्हणूनच. खालच्या वर्गांत तो आरामांत पुढें राहत असे. येथें आरंभापासूनच कोणी तरी त्याच्या खांद्याशीं खांदा लावून पळतो, आणि शेवटच्या दोनशें मीटरांत त्याचा दम सरतो. हा दम वजनाच्या कोष्टकांत लिहिलेला नसतो.

उलटपक्षीं, खऱ्या दर्जाच्या घोड्यास वजनानेंहि रोखतां येत नाहीं. आयर्लंडचा आर्कल १९६४ च्या आयरिश ग्रँड नॅशनल शर्यतींत दुसऱ्या आलेल्या घोडीपेक्षां ३० पौंड अधिक ओझें वाहून जिंकला. तो असला तर एक आणि नसला तर दुसरी, अशा वजनांच्या दोन याद्या तेथील अधिकाऱ्यांस कराव्या लागल्या. इंडियन डर्बींत असला गुंता नाहीं. चार वर्षांचीं जनावरें, २४०० मीटर, वजनें समान, घोड्यांपेक्षां घोड्यांच्या माद्यांस थोडीशी सूट. तेथें दर्जा उघडा पडतो. १९४३ सालची पहिली डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनेंच जिंकली होती.

वरून खालीं उतरलेला घोडा हें अधिक अवघड प्रकरण. दुसऱ्या वर्गांत थोडक्यानें हरत हरत ज्याचे गुण हळूहळू कमी झाले, पण पाय शाबूत आहेत, तो तिसऱ्या वर्गांत आला कीं जपून पाहावा. परंतु ज्याच्या पायाची शीर दुखावली आहे तोहि त्याच वाटेनें खालीं येतो, आणि छापील आंकड्यांत दोघे सारखेच दिसतात. अशा वेळीं दोन शर्यतींमधील खंड किती मोठा, पॅडकमध्यें तो चालतो कसा, हें पाहावें. तेंहि नेहमीं पुरतें असें नाहीं.

१९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ ठरविला. तें कौशल्य मुख्यतः हेंच. पण त्याला एक बोचरी मर्यादा आहे. टोटच्या खिडकींत जमलेल्या पैशांतून क्लबाचा आणि सरकारचा वांटा आधीं निघतो, आणि उरलेलें जिंकणारांत वांटलें जातें. म्हणून घोडा ओळखणें एक, आणि त्याच्यावर मिळणारा भाव पुरेसा आहे कीं नाहीं हें ओळखणें निराळें. उतरलेला चांगला घोडा सर्वांनींच ओळखला तर जिंकूनहि हातीं फारसें पडत नाहीं. आणि महिन्याचा पगार खिशांत घेऊन आलेला मनुष्य बहुधा उभा असतो तो दुसऱ्याच रांगेंत: चौथ्या वर्गांतून नुकताच वर चढलेल्या, हलक्या वजनाच्या घोड्याच्या.