प्रभागाला सभा हवी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उरण तालुक्यातील करंजा हे कोळ्यांचे जुने बंदर आहे. येथून खाडीपलीकडे रेवसला लाँच जाते. शासकीय दप्तरात हे गाव चाणजे ग्रामपंचायतीच्या हद्दीत मोडते. करंजाहून निघालेला माणूस तासा-दीड तासात खारघरला पोहोचतो. तेथे रुंद रस्ते आहेत, उंच इमारती आहेत आणि महानगरपालिका आहे. विकासाची रूढ मोजपट्टी लावली तर करंजा मागासलेले आणि खारघर पुढारलेले, हा निकाल ठरलेलाच आहे. परंतु लोकशाहीची मोजपट्टी लावली तर या निकालाचा फेरविचार करावा लागतो.

करंजाच्या मतदाराला ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला प्रश्न विचारता येतो. पाणीपट्टी किती जमा झाली, गटाराचे काम कोणाला दिले, दिवाबत्तीवर काय खर्च झाला, हे विचारण्याचा हक्क त्याला कायद्याने दिलेला आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सभा न बोलाविणाऱ्या सरपंचाला पद गमवावे लागू शकते. खारघरचा सदनिकाधारक करंजाच्या कोळ्यापेक्षा कितीतरी अधिक कर भरतो. पण आपल्या प्रभागाचा हिशेब विचारण्यासाठी त्याने कोठे उभे राहावे? त्याच्यापाशी पाच वर्षांनी एकदा मिळणारे मत आहे आणि एरवी तक्रारीचा अर्ज आहे. या दोहोंच्या मध्ये काहीही नाही. नागरी प्रशासनातील ही पोकळी हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पनवेलचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. येथील नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांमध्ये तिची गणना होते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले आणि सिडकोच्या वसाहतींबरोबर आसपासची २९ गावेही तिच्या हद्दीत आली. त्या दिवशी या गावांतील ग्रामपंचायती संपुष्टात आल्या, आणि त्यांच्याबरोबर ग्रामसभाही गेल्या. गावकऱ्यांना शहर मिळाले, शहराचे कर मिळाले. परंतु ग्रामसभेच्या जागी दुसरी कोणतीही सभा मिळाली नाही. म्हणजेच शहरीकरणाच्या प्रत्येक पावलाबरोबर नागरिकाचा एक हक्क कमी झाला. याची चर्चा मात्र त्या वेळी फारशी झाली नाही.

मे २०१७ मध्ये महापालिकेची पहिली निवडणूक झाली. २० प्रभागांतून ७८ सदस्य निवडून आले. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते. २०११ च्या जनगणनेनुसार या क्षेत्राची लोकसंख्या सुमारे पाच लाख होती. तेव्हा एका प्रभागात सरासरी पंचवीस हजार माणसे आली. आज ही संख्या पुष्कळच वाढलेली आहे. एवढ्या मोठ्या वस्तीला चार प्रतिनिधी दिले, तर जबाबदारी चौपट होईल असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ती चौघांत वाटली जाते आणि वाटली गेलेली जबाबदारी कोणाचीच राहत नाही. रस्ता खचला तर एक नगरसेवक दुसऱ्याकडे बोट दाखवितो. काम झाले तर चौघांचीही नावे फलकावर झळकतात.

ही पद्धत तरी स्थिर आहे काय? मुंबई वगळता राज्यातील महापालिकांच्या निवडणुका २००२ साली तीन सदस्यांच्या प्रभागांनुसार झाल्या, २००७ साली एकसदस्यीय, २०१२ साली द्विसदस्यीय आणि २०१७ साली चार सदस्यीय प्रभागांनुसार. त्यानंतर पुन्हा एक, मग तीन आणि अखेर पुन्हा चार असे फेरबदल कायद्यात झाले. सत्तेवर जो येतो तो आपल्या सोयीने प्रभागाचा आकार ठरवितो. या काळात जवळपास सर्वच प्रमुख पक्षांनी आळीपाळीने सत्ता भोगलेली आहे. म्हणून दोष एकाच पक्षाच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मतदाराला काय सोयीचे, हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणालाच पडला नाही, एवढेच नमूद केले पाहिजे.

याहून गंभीर गोष्ट पुढे घडली. पहिल्या सभागृहाची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. घटनेच्या २४३-यू या अनुच्छेदानुसार मुदत संपण्यापूर्वी निवडणूक होणे बंधनकारक आहे. तरीही इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेतील फेरबदल यांत निवडणुका अडकून पडल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला. पुढे ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढविली. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी पनवेलसह राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. म्हणजे पनवेलचा कारभार साडेतीन वर्षे प्रशासकाच्या हाती होता. नवी मुंबई, औरंगाबाद यांसारख्या शहरांत तर हा काळ त्याहूनही मोठा होता.

प्रशासकाच्या राजवटीचे अर्थशास्त्र नीट समजून घेतले पाहिजे. महापालिकेच्या कायद्यात आर्थिक सत्तेची विभागणी केलेली आहे. आयुक्त अंदाजपत्रक मांडतो, स्थायी समिती ते तपासते, सर्वसाधारण सभा मंजूर करते आणि मुख्य लेखापरीक्षक आपला अहवाल स्थायी समितीपुढे ठेवतो. प्रशासकाच्या काळात मागणी करणारा, मंजुरी देणारा, खर्च करणारा आणि आक्षेप ऐकणारा हे सारे एकाच खुर्चीत सामावतात. अधिकारी व्यक्तिशः कितीही सचोटीचा असला तरी ही रचना सदोषच राहते. सार्वजनिक पैशाची राखण एखाद्याच्या सज्जनपणावर सोपविता येत नाही. ती परस्परांवर नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेनेच होते.

पनवेलमधील मालमत्ता कराचा वाद याच चौकटीत पाहिला पाहिजे. सिडको ही १९७० साली स्थापन झालेली शासनाची कंपनी आहे. तिला भागधारक आहे, मतदार नाही. तिच्या वसाहतींतील रहिवासी तिला सेवाशुल्क देत होते. महापालिकेने मालमत्ता कराची आकारणी केली ती स्थापनेच्या दिवसापासून, म्हणजे ऑक्टोबर २०१६ पासून, पूर्वलक्षी पद्धतीने. ज्या वर्षांत सेवा सिडकोने दिल्या आणि त्यांचे शुल्कही सिडकोने घेतले, त्याच वर्षांचा कर पुन्हा का द्यावा, असा रहिवाशांचा प्रश्न होता. महापालिकेची बाजू अशी की, कर हा कायद्याने बसतो, तो एखाद्या सेवेचा मोबदला नव्हे. वाद न्यायालयापर्यंत गेला. २०२५ मध्ये शास्तीत सवलत देणारी अभय योजनाही आली.

समाजवादी कार्यकर्त्याने येथे सवंग भूमिका घेऊ नये. कर नको, ही घोषणा टाळ्या मिळविते. परंतु मालमत्ता कर हा शहराच्या उत्पन्नाचा आधार आहे. जकात गेली, स्थानिक संस्था करही गेला आणि २०१७ पासून वस्तू व सेवा करानंतर महापालिका राज्याच्या नुकसानभरपाईवर विसंबून राहिल्या. स्वतःच्या बळावर उभारता येईल असा मोठा कर हा एवढाच उरला आहे. पंधराव्या वित्त आयोगानेही शहरांना अनुदान देताना मालमत्ता कराची वसुली वाढविण्याची अट घातली. तेव्हा कर द्यावाच लागेल. प्रश्न असा की, तो कोणाच्या संमतीने बसवावा आणि त्याचा हिशेब कोणाला द्यावा? पनवेलच्या रहिवाशाच्या संतापाचे मूळ केवळ रकमेत नव्हते. आपल्याला कोणी विचारले नाही आणि विचारण्यासाठी जागाही ठेवली नाही, ही भावना त्यामागे होती.

सुरक्षिततेचा प्रश्नही असाच आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात गाढी नदीचे पाणी पनवेलमध्ये शिरले. पूर कोठून येतो, कोणता नाला बुजविला गेला, कोणत्या वळणावर पाणी तुंबते, हे त्या वस्तीतील वृद्ध स्त्रीला अभियंत्याच्या नकाशापेक्षा अधिक नेमके ठाऊक असते. पण तिचे ज्ञान नोंदविण्याची सोय नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर शासनाच्या पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात लक्षावधी माणसे बसविली गेली आणि उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. तो सोहळा राज्य शासनाचा होता. परंतु ज्या शहरात तो झाला, त्या शहराला त्या दिवशी निवडून आलेले सभागृह नव्हते. सभा झाली असती, तर निदान प्रश्न विचारला गेला असता आणि तो इतिवृत्तात नोंदला गेला असता.

याउलट उदाहरणही पनवेलचेच आहे. तळोजा औद्योगिक वसाहतीतील रासायनिक सांडपाण्याने कासाडी नदी दूषित होत होती. पनवेलच्याच एका नगरसेवकाने हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आणि लवादाने पाहणीसाठी समिती नेमली. याच लवादाने फेब्रुवारी २०१५ मध्ये उरण-गव्हाण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला होता. तो लढा पारंपरिक मच्छीमारांनी स्वतः लढविला. नदी आणि खाडी प्रभागाच्या सीमा मानत नाहीत. पण त्यांच्या वतीने बोलणारा माणूस मात्र कोणत्या तरी प्रभागातून, कोणत्या तरी कोळीवाड्यातूनच यावा लागतो.

मग उपाय काय? नवा कायदा करण्याची फारशी गरजही नाही. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरविल्या. महाराष्ट्रात त्या स्थापन झाल्या, परंतु त्या नगरसेवकांच्याच समित्या. त्यांत अशासकीय संस्थांच्या प्रतिनिधींना थोडी जागा आहे, सामान्य मतदाराला नाही. २००९ साली महापालिका कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद झाली. काही मतदान केंद्रांचे मिळून एक क्षेत्र, त्यातील सर्व मतदार हे सभेचे सदस्य आणि नगरसेवकाने ती सभा बोलवावी, अशी ही कल्पना आहे. किंबहुना ही शहरातील ग्रामसभाच होय. केंद्राच्या नागरी योजनेचे अनुदान मिळविण्यासाठी राज्याने ही अट पुरी केली आणि मग ती कलमे पुस्तकातच राहू दिली.

या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ग्रामसभा तरी कोठे नीट चालतात? गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेत चार माणसांच्या सह्यांवर ठराव होतात. हे खरे आहे. पण कोरमअभावी सभा तहकूब होणे आणि सभेचा हक्कच नसणे, या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. पहिल्या स्थितीत कार्यकर्त्याला माणसे जमवून सभा जिवंत करता येते. दुसऱ्या स्थितीत त्याच्या हाती निवेदनाखेरीज काही राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. प्रभागाचा हिशेब प्रभागाला दिला, तर श्रीमंत प्रभाग म्हणेल की आमचा कर आमच्यासाठीच खर्च करा. मग गावठाणांनी आणि झोपडवस्तीने काय करावे? येथे समाजवाद्यांची भूमिका निःसंदिग्ध असली पाहिजे. कर हा साऱ्या शहराचा आहे. जेथे उणीव अधिक तेथे खर्च अधिक, हेच तत्त्व राहील. प्रभागसभेचा हक्क पैशाच्या मालकीचा नाही. तो माहितीचा, अग्रक्रम ठरविण्याचा आणि तपासणीचा आहे. केरळने १९९६ पासून लोकनियोजनाच्या मोहिमेत राज्य योजनेचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे दिला. ब्राझीलमधील पोर्तु आलेग्रे शहराने १९८९ पासून नागरिकांच्या सभांतून अंदाजपत्रकाचे अग्रक्रम ठरविले आणि निधी वाटताना गरीब वस्त्यांना अधिक वजन दिले. पुण्यातही २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचविली जातात. पण तेथे अर्ज आहे, सभा नाही.

या परंपरेचा उगम आपल्याच भूमीत आहे, हेही विसरता कामा नये. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, अशी भूमिका घेऊन त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. प्रस्ताव मंजूर झाला. परंतु दीडशे वर्षांनंतर स्मरणात राहिले आहे ते त्या स्वागताचे तोरण नव्हे, तर ते एक मत.

पनवेलमध्ये आता पुन्हा निवडून आलेले सभागृह आहे. कार्यकर्त्यांपुढे तीन कामे आहेत. पहिले, प्रभागनिहाय जमा, खर्च आणि मंजूर कामे यांचे पत्रक मागणे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने अशी माहिती आपणहून प्रसिद्ध करण्याचे बंधन प्राधिकरणावर घातलेले आहे. दुसरे, आपल्या नगरसेवकाकडे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, क्षेत्रसभेची लेखी मागणी करणे. ती बोलाविली गेली नाही तर मतदारांनी स्वतः सभा भरवावी, ठराव लिहून काढावेत आणि ते महापालिकेच्या दप्तरी दाखल करावेत. तिसरे, पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वस्तीतील तुंबणारे नाले, उघडी झाकणे, मोडके दिवे आणि धोकादायक इमारती यांची यादी लोकांकडूनच तयार करून घेणे.

ही कामे लहान दिसतात. परंतु शिवडी-न्हावाशेवा सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आणि उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी नव्या नगराचे प्राधिकरण ऑक्टोबर २०२४ मध्येच नेमले गेले आहे. शहर खाडीच्या दिशेने सरकत आहे. १९८४ च्या जानेवारीत याच उरण तालुक्यात जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी पाच जणांनी गोळ्या झेलल्या आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व पुढे आले. जमिनीचा मोबदला मागावा लागतो, हे त्या पिढीने शिकविले. सभेचा मोबदलाही मागावा लागेल. उद्या करंजाच्या दारात महानगर उभे राहील, तेव्हा त्या कोळ्याच्या हातून ग्रामसभा काढून घेण्यापूर्वी तिच्या जागी कोणती सभा देणार, हा प्रश्न आजच विचारला गेला पाहिजे. खारघरच्या आणि कामोठ्याच्या प्रभागांत ती सभा उभी राहिली, तरच त्याला उत्तर मिळेल.