कुलूप धन्यास ओळखेनासे होते तेव्हा



वसंतातल्या ज्ञानसत्रात खिशातल्या यंत्राविषयी बोलावे, हे कोणास थोडे अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या वस्तूत आपले बँकेचे व्यवहार, आप्तांचे पत्ते, छायाचित्रे आणि खासगी पत्रव्यवहार आज एकत्र नांदत आहेत, तिच्या कुलपाचा विचार हा संसाराचाच विचार होय. प्रश्न असा की, चोरापासून रक्षण करण्यासाठी स्मार्टफोनवर बसविलेला पहारेकरी उद्या धन्याचाच चेहरा ओळखेनासा झाला, तर धन्याने काय करावे? बोलणे मोघम होऊ नये म्हणून ॲपल कंपनीच्या आयफोनचे एकच उदाहरण आम्ही घेतो.

चेहरा पाहून उघडणारे कुलूप, म्हणजे फेस आयडी, हे आयफोनवर 2017 साली आले. फोनच्या माथ्यावरील यंत्रणा चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणारे 30,000हून अधिक प्रकाशबिंदू टाकते, त्यांवरून चेहऱ्याच्या उंचसखलपणाचा नकाशा काढते आणि साठविलेल्या नकाशाशी तो ताडून पाहते. हा नकाशा फोनच्या आतच राहतो. तथापि चेहरा पटला नाही तर आकड्यांचा पासकोड घालून फोन उघडण्याची सोय पहिल्यापासून होतीच, आणि चोरांनी नेमकी तीच फट हेरली. 2023 साली 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकन वृत्तपत्राने हा प्रकार उजेडात आणला. मद्यगृहात शेजारी उभे राहायचे, पासकोड घालताना पाहून ठेवायचा, मग फोन लांबवायचा आणि त्याच आकड्यांच्या बळावर मूळ धन्याच्या खात्याचा परवलीचा शब्द बदलून त्यालाच बाहेर काढायचे, अशी ती रीत होती.

त्यावर उतारा म्हणून जानेवारी 2024मध्ये 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' नावाची व्यवस्था आली. तिचे मर्म समजण्यासाठी न्यायासनाची कल्पना करा. फोन आपली ओळख चार साक्षीदारांकडून पटवून घेतो. पहिली स्मृती, म्हणजे पासकोड. दुसरे शरीर, म्हणजे चेहरा. तिसरे स्थळ, म्हणजे घर किंवा कचेरीसारखी नेहमीची जागा. आणि चौथा काळ. आपण ओळखीच्या जागी असलो तर स्मृतीची साक्ष पूर्वीप्रमाणे पुरते. परक्या जागी मात्र साठविलेले परवलीचे शब्द पाहावयाचे असोत की फोन पुसून कोरा करावयाचा असो, चेहराच लागतो, पासकोड चालत नाही. खात्याचा परवलीचा शब्द बदलणे, पासकोड बदलणे, फोन शोधण्याची सोय बंद करणे किंवा ही व्यवस्थाच काढून टाकणे, अशा कामांस तर चेहरा दाखवून तासभर थांबावे लागते आणि मग पुन्हा चेहरा दाखवावा लागतो. तो एक तास चोराला जाचक आहे, पण धन्याला फोन हरवल्याची खूण करावयास तेवढीच सवड मिळते.

आता फोन हातून पडला, पाणी शिरले, आणि चेहरा पाहणारी यंत्रणा निकामी झाली असे समजा. अशा वेळी माणूस प्रथम गोंधळतो. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी की, पासकोडने फोन परक्या गावीही उघडतो. बोलणे, निरोप पाठविणे यांस अडथळा येत नाही. ओटी उघडी असते, कडी लागते ती माजघराला. दुसरी गोष्ट, वाटेत खटपट करू नये. फोन एकदा बंद करून चालू करावा आणि तेवढ्याने भागले नाही तर सरळ घरी यावे. घरी, पासकोडच्या आधाराने, सेटिंग्जमधील 'फेस आयडी अँड पासकोड' या सदरात जाऊन ही व्यवस्था बंद करावी, आणि मगच नोंदविलेला चेहरा पुसून नव्याने नोंदवून पाहावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ जण बिघडलेला फोन तडक दुरुस्तीच्या दुकानात नेतात. तेथे फोन शोधण्याची सोय बंद करा, असे काही वेळा सांगण्यात येते. दुकान ही परकी जागा! तेथे फोन चेहरा मागतो, आणि चेहरा न ओळखणे हाच तर त्याचा आजार. वैद्याच्या दारात जाऊन रोगी नाडी दाखवावयास नकार देतो, तसा हा प्रकार होय. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी हे सारे घरीच उरकावे. फोन विकतानाही हेच करावे.

आणखी एक मेख आहे. मार्च 2024पासून ही व्यवस्था 'नेहमीच' लागू ठेवण्याचाही पर्याय मिळाला. तो निवडला की घराचीही साक्ष बाद होते. ज्यास धोका विशेष आहे त्याने तो जरूर निवडावा; परंतु मग चेहऱ्याची यंत्रणा मेली तर घरीसुद्धा सुटका नाही, हे ओळखून निवडावा. संगणकाला जोडून फोन कोरा करण्याचा मार्ग तेव्हा उरतो. मात्र त्यानंतर खात्याचा परवलीचा शब्द द्यावाच लागतो, आणि आतील मजकूर आधी अन्यत्र उतरवून ठेवला असेल तेवढाच परत मिळतो. शिवाय ओळखीची जागा कोणती हे फोन आपल्या जाण्यायेण्यावरून स्वतः ठरवितो. ते आपणांस लिहून देता येत नाही. नुकते बिऱ्हाड बदलले असेल तर नवे घर त्याला लगेच घर वाटेलच असे नाही.

मग ही कटकट हवी कशाला, बंदच ठेवलेली काय वाईट, असे कोणी विचारील. आमचे उत्तर स्पष्ट आहे. बिघाडात सापडलेल्या सज्जनासाठी जी पळवाट ठेवाल, तिच्यातून चोरही येणारच. चेहरा गेलेला धनी आणि चेहरा नसलेला चोर यांत यंत्राला भेद करता येत नाही. तेव्हा व्यवस्था चालू ठेवावी, पण एका साक्षीदारावर सारा खटला उभा करू नये. शरीराची साक्ष किती नाजूक असते हे रेशन दुकानात ज्यांचे कष्टाने झिजलेले बोट यंत्राला पटत नाही, त्यांस विचारा. म्हणून खात्याचा परवलीचा शब्द केवळ फोनातच न ठेवता घरी कागदावर जपून ठेवावा, मजकुराची दुसरी प्रत ठेवावी आणि चारचौघांत पासकोड घालताना हाताचा आडोसा करावा. आणि आपण कोणता पर्याय निवडला आहे, हे आज घरी गेल्यावर, चेहरा ओळखला जात आहे तोवरच, पाहून घ्यावे.

आपल्या पूर्वजांनी किल्लीची जोडी करून एक शेजाऱ्याकडे ठेवली, ती कुलपावर अविश्वास म्हणून नव्हे. कुलूप चांगले असले तरी किल्ली हरवू शकते, एवढे शहाणपण त्यामागे होते. तेच शहाणपण या नव्या कुलपासही लागते.